खुब्याची शस्त्रक्रिया : मनाची, घराची आणि पेढीची तयारी

व्यापाऱ्याची गादी, श्राविकेचे स्वयंपाकघर आणि सामायिकाचे आसन या आपल्या जीवनातील तीन महत्त्वाच्या जागा पिढ्यानपिढ्या जमिनीवरच राहिल्या आहेत. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथील जुन्या पेढ्यांमध्ये अजूनही लोड-तक्क्यांची बैठक आढळते. घरातील ज्येष्ठ स्त्रिया निवडणे-टिपणे खाली बसूनच करतात. कटासणे अंथरून मांडी घातल्याशिवाय सामायिक झाल्यासारखे वाटत नाही. म्हणूनच ‘खुब्याचा सांधा बदलावा लागेल’ असे डॉक्टर सांगतात, तेव्हा आपल्या मनात उठणारी भीती केवळ शस्त्राची नसते. ‘यापुढे मी बसणार कुठे?’ हा न उच्चारलेला प्रश्न तिच्यामागे असतो.

या प्रश्नाचे उत्तर न मिळाल्यामुळे अनेक घरांत शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते. मग एक दिवस मंदिराच्या पायऱ्या बंद होतात, नंतर दुकान बंद होते, आणि शेवटी माणूस एका खोलीपुरता उरतो. सांधा बदलण्याचे काम शल्यचिकित्सक तास-दोन तासांत करतात. त्याआधीची आणि नंतरची तयारी मात्र आपली आहे. ही तयारी हिंडता-फिरता येत असतानाच, घरातील सर्वांना विश्वासात घेऊन करावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

दुखणे कोठले, हे आधी जाणावे

खुबा म्हणजे कमरेखाली बाजूला हाताला लागणारे हाड, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात खुब्याच्या सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते आणि पुष्कळदा ते मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. त्यामुळे काही रुग्ण दीर्घकाळ गुडघ्याला लेप लावत राहतात. पायात मोजा घालता न येणे, पायाची नखे कापता न येणे, मांडी घालताना एक गुडघा वर राहणे, बसून उठल्यावर पहिली चार पावले लंगडत टाकावी लागणे ही लक्षणे दिसताच अस्थिरोगतज्ज्ञांकडून खुब्याची तपासणी करून घ्यावी.

सांधा बिघडण्याची कारणे अनेक आहेत. वयोमानाने होणारी झीज हे एक. मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते हाड खचणे हे दुसरे. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे, मद्यपान, जुनी दुखापत यांमुळे ते तरुण वयातही घडते. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातही खुब्याचे हाड असे खचते. आपल्या दुकानात किंवा धानाच्या गिरणीत काम करणारा एखादा पंचविशीतील तरुण जांघ दुखते म्हणून वारंवार रजा मागत असेल, तर त्याला कामचुकार समजू नये, तपासणीला पाठवावे. या विकाराचे निदान लवकर झाले, तर सांधा न बदलताही काही उपचार शक्य असतात.

तिसरे कारण म्हणजे वृद्धापकाळी पडल्यामुळे होणारा खुब्याचा अस्थिभंग. येथे विचार करण्यास फार अवधी नसतो. प्रकृती अनुकूल असल्यास अशी शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. कारण अंथरुणावरील प्रत्येक दिवस न्यूमोनिया, शय्याव्रण आणि रक्ताच्या गुठळ्या यांना आमंत्रण देतो. चौघडिया पाहून किंवा परगावचा मुलगा येईपर्यंत थांबून हा अवधी दवडू नये.

भीती आणि वस्तुस्थिती

आज ज्या पद्धतीने खुबा बदलला जातो, तिचा पाया इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली घातला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा व गोल माथा आणि कटिबंधाच्या हाडात टिकाऊ प्लास्टिकची वाटी, अशी त्यांची रचना होती. माथा व वाटी यांचे साहित्य पुढे पुष्कळ सुधारले, सिरॅमिकही आले. मूळ तत्त्व तेच राहिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००७ मध्ये या शस्त्रक्रियेचा गौरव ‘शतकातील शस्त्रक्रिया’ असा केला. त्याच नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षांनंतरही टिकून असतात.

आपल्या देशालाही सांधेबदल आता अपरिचित नाही. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी २००० व २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया केली, तेव्हा ‘सांधा बदलणे’ हा शब्दप्रयोग खेड्यापाड्यांत पोचला. अस्थिशल्यचिकित्सेतील कार्याबद्दल पुण्याचे डॉ. कांतीलाल हस्तीमल संचेती यांना २०१२ मध्ये पद्मविभूषण मिळाले. भंडाऱ्याहून नागपूर राष्ट्रीय महामार्गाने सुमारे साठ किलोमीटर. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिहान परिसरातील एम्स आणि अनेक खासगी रुग्णालये यांमुळे या उपचारासाठी मुंबई-पुणे गाठण्याची गरज उरलेली नाही.

तरीही जोखीम शून्य नसते. जंतुसंसर्ग, पायातील शिरेत रक्त गोठणे, सांधा निखळणे, दोन्ही पायांच्या लांबीत किंचित फरक पडणे या संभाव्य गुंतागुंती डॉक्टरांकडून स्पष्ट समजून घ्याव्यात. प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत घरातील एक जण असावा. कारण घाबरलेल्या माणसाला ऐकलेले सारे आठवत नाही.

कोणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते?

हा मुद्दा थोडा कटू आहे, परंतु आपल्या घराघरांतला आहे. कर्त्या पुरुषाचा खुबा दुखू लागला की धंद्याची अडचण होते, म्हणून नागपूरची वेळ लगेच ठरते. आईचा किंवा सासूबाईंचा खुबा दुखू लागला की ‘नातीचे लग्न होऊ द्या’, ‘चातुर्मास उरकू द्या’, ‘दिवाळीची गर्दी संपू द्या’ असे त्या स्वतःच म्हणतात आणि इतर सर्व जण सोयीस्करपणे ते मान्य करतात. भिंत धरून स्वयंपाकघरात वावरणाऱ्या स्त्रीची वेदना घराच्या हिशेबात जमाच होत नाही. ‘मला काही होत नाही’ हे तिचे वाक्य शब्दशः घेऊ नये. तिला रात्री झोप लागते का, जिना उतरताना ती कठडा किती घट्ट धरते, उपाश्रयात जाणे तिने केव्हापासून सोडले, हे घरच्यांनी पाहावे.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी योग्य काळ निवडणे यात गैर काही नाही. धानाचा हंगाम, लग्नसराई, वर्षअखेर, पर्युषण, आयंबिलाची ओळी यांचा विचार करून तारीख घ्यावी. मात्र सर्व अडचणी संपल्यानंतरची तारीख पंचांगात कधीच सापडत नाही. म्हणून कुटुंबाने एकत्र बसून दोन-तीन महिन्यांच्या आतील दिवस निश्चित करावा आणि त्याला लग्नतिथीइतकाच मान द्यावा.

मनाची तयारी

स्वावलंबनाने आयुष्य काढलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ते परावलंबन. शौचाला नेण्यास परिचारिका लागणार, स्नानाला सुनेची मदत लागणार, या कल्पनेनेच पुष्कळ ज्येष्ठांचे मन आखडते. अशा वेळी आपल्याच धर्मातील एका शिकवणीचे स्मरण ठेवावे. सहा आभ्यंतर तपांत विनय आणि वैयावृत्य ही दोन्ही सांगितली आहेत. रुग्णाची सेवा करणाऱ्याला वैयावृत्याचा लाभ मिळतो. सेवा घेणाऱ्याने अहंकार बाजूस ठेवून ती प्रसन्नपणे स्वीकारली, तर तो विनयाचाच अभ्यास ठरतो. आयुष्यभर देणाऱ्या हाताला काही आठवडे घेण्याचे शिक्षण मिळते, असे समजावे.

सेवा कोण करणार, हे मात्र गृहीत धरू नये. आधी बोलून ठरवावे. सर्व भार एका सुनेवर टाकून बाकीच्यांनी दुकानात जायचे, ही वाटणी न्याय्य नाही. रात्री जवळ कोण झोपेल, वडिलांच्या स्नानाला कोणता मुलगा मदत करील, व्यायाम कोण करवून घेईल, माहेरी आलेली लेक किती दिवस थांबू शकेल, याची यादी करावी. संकोच वाटत असल्यास पहिले दोन आठवडे प्रशिक्षित मदतनीस ठेवावी.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी खमतखामणा करण्याची प्रथा काही घरांत आहे. संवत्सरीची वाट न पाहता घरातल्यांशी, भावाशी, जुन्या भागीदाराशी मन मोकळे केल्याने जी शांतता लाभते, ती कोणत्याही गोळीने लाभत नाही. काही श्रावक-श्राविका गुरुभगवंतांच्या संमतीने शुद्धीवर येईपर्यंतचे सागारी पच्चक्खाण घेतात. नातेवाइकांनी ते अशुभ मानून घाबरू नये. भूल देण्यापूर्वी साधारण सहा तास अन्न आणि दोन तास पाणी बंद ठेवावेच लागते. रुग्णालयाच्या या नियमाला श्रावक आपल्या भावनेने व्रताचे रूप देतो, इतकेच.

आसन बदलले तरी सामायिक तेच

शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा ते बारा आठवडे बहुतेक रुग्णांना तीन गोष्टींची मनाई असते. खुबा काटकोनापेक्षा अधिक वाकवायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि शस्त्रक्रिया झालेला पाय आत वळवायचा नाही. याचा सरळ अर्थ असा की, बुटक्या पाटावर किंवा जमिनीवर बसणे, उकिडवे बसणे आणि पंचांग प्रणिपात हे सारे बंद. पुढेही मांडी घालता येईल की नाही, हे शस्त्रक्रियेची पद्धत, बसवलेला सांधा आणि रुग्णाचे स्नायू यांवर अवलंबून असते. त्याचा निर्णय आपल्या शल्यचिकित्सकांनीच द्यायचा. एखाद्या परिचिताला परवानगी मिळाली म्हणून आपण प्रयोग करू नये.

येथेच अनेकांचे मन खचते. परंतु सामायिकाचा प्राण समभाव आहे. अठ्ठेचाळीस मिनिटांची ती साधना खुर्चीवर बसून, मुहपत्ती व चरवळा जवळ ठेवून तितक्याच शुद्ध भावाने होते. कायोत्सर्ग तर उभ्यानेही करतात. तोल सांभाळण्यापुरता आधार समोर असावा. खमासमणाच्या जागी उभे राहून, हात जोडून मस्तक नमवावे. साधू-साध्वींना गोचरी वोहरावताना खाली न बसता ओट्याजवळ उभे राहून वोहरावावे. मंदिरात अभिषेक-पूजा करणाऱ्यांनी गर्दीची वेळ टाळावी, कारण ओल्या फरशीवरील एक पाऊल सारी मेहनत वाया घालवू शकते. आपल्या बहुतेक उपाश्रयांत आता मागील बाजूस खुर्च्यांची रांग असते. ती रांग कमीपणाची मानू नये आणि तरुणांनी ती अडवू नये.

पच्चक्खाणाबाबतही हाच विवेक ठेवावा. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, नमूद आहेत. तीव्र पीडेमुळे चित्ताची समाधी भंगत असता औषध घेण्याची मुभा त्यांत आहे. चौविहार करणाऱ्यांना काही दिवस तिविहार किंवा दुविहार करता येईल का, हे महाराजसाहेबांना आधीच विचारून घ्यावे. दिगंबर बंधू-भगिनींनी आपल्या मुनिराजांचे मार्गदर्शन घ्यावे. रात्री दोन वाजता वेदना असह्य झाल्यावर हा प्रश्न उभा राहू नये. डॉक्टरांनाही आपला नियम सांगावा. पुष्कळ औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाच-पावणेसहालाच सूर्य मावळतो, हे ध्यानात ठेवून वेळापत्रक मागावे.

आहार आणि औषधे

जखम भरण्यास आणि स्नायू परत मिळवण्यास प्रथिने लागतात. शस्त्रक्रियेच्या आगेमागे अठ्ठाई, वर्षीतप किंवा लागोपाठ एकासणी करणे शरीराला झेपणारे नाही. तपाचा संकल्प पुढच्या वर्षासाठी राखून ठेवावा. मूग, तूर, चणा यांचे वरण, दूध, पनीर, शेंगदाणे, तीळ, बदाम यांतून कंदमुळांशिवायही पुरेशी प्रथिने मिळू शकतात. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही-ताक डाळीच्या पदार्थांसोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावे. शाकाहारी व्यक्तींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. ते, ड जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन महिनाभर आधी तपासून घ्यावे, म्हणजे भरून काढण्यास वेळ मिळतो. रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञांना ‘कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे नकोत’ असे दाखल होतानाच लेखी द्यावे.

औषधांबाबत एक गोष्ट आपल्या समाजाने जाणून घेण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू नये म्हणून काही आठवडे औषध दिले जाते. त्यासाठी सर्रास वापरले जाणारे हेपॅरिन आणि एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन डुकराच्या आतड्यातील घटकापासून तयार होते. फोंडापॅरिनक्स हे इंजेक्शन आणि रिव्हरॉक्साबॅन, अपिक्साबॅन यांसारख्या गोळ्यांतील औषध रासायनिक पद्धतीने बनते. काही रुग्णांना ॲस्पिरिनही पुरते. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. त्याच औषधाची गोळी मिळते का आणि तिच्या घटकांत जिलेटिन नाही ना, हे विचारता येते. ही चर्चा शस्त्रक्रियेपूर्वी शांतपणे करावी. आपल्या प्रकृतीला पर्याय योग्य नाही असे डॉक्टरांनी सांगितल्यास त्यांचे ऐकावे. आणीबाणीच्या प्रसंगी हा वाद घालत बसू नये. रक्त पातळ करणारे औषध मनाने बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

संसर्गाची वाट बंद करणे ही तयारीतील महत्त्वाची पायरी होय. किडलेला दात, मूत्रमार्गातील संसर्ग, पायाची चिघळलेली भेग यांवर आधी उपचार करून घ्यावेत. मधुमेह आटोक्यात आणावा. आपल्या भागात गल्लोगल्ली मिळणारा खर्रा आणि विडी-सिगारेट निदान महिनाभर आधी सोडावी, कारण तंबाखूने जखम भरण्यास विलंब होतो. तो महिना सरल्यावर पुन्हा सुरू करण्याचे काही कारण उरत नाही.

घराची मांडणी

रुग्ण घरी येण्यापूर्वी, किंबहुना तो रुग्णालयात जाण्यापूर्वीच, घर तयार असावे.

बसण्यासाठी हात असलेली भक्कम खुर्ची घ्यावी. तिच्यावर बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा किंचित खालीच राहिले पाहिजेत. मऊ सोफा, झोपाळा आणि आरामखुर्ची वर्ज्य. जमिनीवरील गादीऐवजी पुरेशा उंचीचा पलंग असावा आणि झोपताना दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवावी.

कमोड नसेल तर कमोडची खुर्ची आणावी. असलेला बुटका असेल तर त्यावर उंची वाढवणारी बैठक मिळते. न्हाणीघरात भिंतीला पक्के धरणदांडे, बसण्यास उंच स्टूल आणि न घसरणारी चटई लावावी. मार्गातील पायपुसणी, सतरंज्या, विजेच्या लोंबत्या वायरी काढाव्यात. जुन्या वाड्यांतील उंच उंबरठ्याला रंगीत पट्टी लावावी आणि रात्री मंद दिवा ठेवावा. नेहमीच्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणाव्यात. मागचा पट्टा नसलेल्या सपाता घालू नयेत.

दुकानाच्या वर राहणाऱ्या कुटुंबांसाठी जिना ही मोठी अडचण. शक्य असल्यास पहिले काही आठवडे तळमजल्यावर सोय करावी. जिना चढणे भागच असेल तर सूत्र सोपे आहे: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी खाली. फिजिओथेरपिस्टकडून हे आणि वॉकरचे चालणे शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घ्यावे. वेदनेच्या भरात नवे काही शिकणे अवघड जाते.

नागपूरहून परतताना पुढचे आसन मागे सरकवून, पाठ थोडी रेलती करून आणि खाली उशी घेऊन बसावे. वाटेत मौद्याच्या आसपास गाडी थांबवून, उतरून चार पावले चालावे.

पेढीची आणि कागदपत्रांची तयारी

बँकेतील नोकरीच्या काळात एक दृश्य वारंवार पाहावयास मिळाले. एकट्याच्या मालकीची पेढी, खात्यावर एकट्याचीच सही, आणि मालक रुग्णालयात. खात्यात पैसे असतात. रुग्णालयाचे बिल, हमालांची मजुरी आणि अडत्याचे देणे मात्र अडकून पडते. म्हणून दाखल होण्याच्या पंधरा दिवस आधी बँकेत जाऊन मुलाच्या किंवा पत्नीच्या नावे खाते चालवण्याचे अधिकारपत्र द्यावे. बचत खाते संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना नोंदवावी. नामनिर्देशन तपासून घ्यावे. जीएसटी व बँकेचे ओटीपी कोणत्या मोबाइलवर येतात, विवरणपत्राची तारीख कोणती, कोणाचे धनादेश वटायचे आहेत, याची टाचणवही विश्वासू व्यक्तीकडे सोपवावी. हे मृत्युपत्र नव्हे. दहा-पंधरा दिवसांच्या अनुपस्थितीची ती तजवीज आहे, आणि ती झाल्यावर रुग्णाचे मन हलके होते.

आरोग्य विम्यात सांधेबदलासाठी प्रतीक्षाकाळ असतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या विमा नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. पॉलिसीतील खोलीभाड्याची मर्यादा पाहूनच खोली निवडावी. महाग खोली घेतल्यास काही पॉलिसींत संपूर्ण बिलातच प्रमाणशीर कपात होते. रोकडरहित सुविधेसाठी विमा कंपनीची पूर्वसंमती आधी घ्यावी. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या सर्व ज्येष्ठांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले आहे. आपली शस्त्रक्रिया आणि निवडलेले रुग्णालय त्यात बसते का, हे तेथील आरोग्यमित्राकडे विचारावे.

व्यापारी बंधूंनी आणखी एक खबरदारी घ्यावी. एका व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. त्यामुळे बिल धनादेशाने किंवा बँकेमार्फतच भरावे. कृत्रिम गुडघ्याच्या कमाल किमती केंद्राच्या औषध मूल्य प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवून दिल्या. खुब्याचा सांधा त्या आदेशात नव्हता. म्हणून खुब्याच्या सांध्याचा प्रकार, कंपनी आणि किंमत लेखी अंदाजपत्रकात वेगळी मागावी. आपण धानाच्या पोत्याचाही भाव दोन ठिकाणी विचारतो. येथे विचारण्यास संकोच कशाला?

आणि सर्वांत जपून ठेवण्याचा कागद म्हणजे बसवलेल्या सांध्याचे लेबल. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डिप्यू कंपनीने आपला ‘एएसआर’ नावाचा, धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. पुढे केंद्र सरकारच्या समितीने चौकशी केली आणि २०१८ मध्ये तीस लाखांपासून एक कोटी तेवीस लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले. तोपर्यंत हजारो रुग्णांचा ठावठिकाणाच लागेनासा झाला होता. कंपनीचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक असलेले लेबल आपल्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावे, त्याची प्रत घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावी आणि दुसरी प्रत मुलाच्या मोबाइलमध्ये असावी.

घरी आल्यानंतर

बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले जाते. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळ्या चालण्यावर येण्यास सर्वसाधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. व्यायाम नित्यनियमासारखा, ठरल्या वेळी करावा. पोटरी दुखणे किंवा सुजणे, जखमेतून स्राव येणे, ताप, अचानक धाप लागणे, पाय एकाएकी आखूड झाल्यासारखा वाटणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच क्षणी रुग्णालयाशी संपर्क साधावा. तेल लावून पोटरी चोळण्याचा घरगुती उपाय या काळात कटाक्षाने टाळावा. शिरेत गुठळी असल्यास ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुष्कळांना निराशा ग्रासते. भेटायला येणारे कमी झालेले असतात, वेदना पूर्ण गेलेली नसते आणि दुकान आपल्याविना चालते आहे हे दिसू लागते. घरच्यांनी या काळात रुग्णाला पेढीच्या निर्णयांतून वगळू नये. दुपारी तासभर वह्या त्याच्यासमोर आणाव्यात, सल्ला विचारावा. पेढीवर परतताना गादीशेजारी उंच खुर्ची आणि मेज मांडावे. मालक खुर्चीवर बसला म्हणून ग्राहकाचा विश्वास कमी होत नाही. सासूबाईंसाठी स्वयंपाकघरात ओट्याच्या उंचीला साजेसे स्टूल ठेवावे, म्हणजे भाजी निवडण्याचा त्यांचा अधिकार अबाधित राहतो.

ध्येय समोर असले की पाय लवकर उचलतो. पहिले ध्येय आपल्या गावच्या मंदिरात दर्शनाला चालत जाण्याचे असावे. नंतर रामटेकच्या शांतिनाथ भगवंतांचे. मुक्तागिरीच्या पायऱ्या किंवा शिखरजीची सत्तावीस किलोमीटरची वंदना करावी की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. त्यांनी नको म्हटले तर डोली आहेच, आणि भावाने केलेली वंदना आहेच.

वाचक बंधू-भगिनींना एकच विनंती. आपल्या घरात कोणी भिंत धरून चालत असेल, तर हा अंक मिटण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून विचारा की, किती दुखते आणि केव्हापासून. मग या महिन्यातली एक तारीख ठरवा, निदान तपासणीची तरी.

जय जिनेंद्र.